आवळे आणि आकाशातली रेघ

गेल्या जानेवारीच्या अखेरीस घरच्या एका लग्नासाठी ग्वाल्हेरला जाणे झाले. तिथल्या लष्कर भागात, नया बाजारात, माझी आत्या राहते. शिंद्यांच्या फौजेची छावणी पडली म्हणून ज्याला लष्कर हे नाव मिळाले, तोच हा भाग. आत्या मूळची आपल्या बेळगावकडची. लग्न होऊन तिकडे गेली त्याला पन्नास वर्षे झाली. आपण मराठीत कानडी मिसळतो, ती हिंदी मिसळते एवढाच फरक. पण कानडीही तिने सोडलेली नाही. दारात पाऊल टाकताच तिने विचारले, "ऊट आय्ता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेलो. स्वच्छ ऊन पडले होते आणि पाकवलेल्या आवळ्याच्या फोडी चादरीवर वाळत होत्या. तेवढ्यात आत्याचा नातू ओरडला, "मामा, ते बघा!" फार उंचावरून एक विमान दक्षिणेकडे चालले होते आणि त्याच्यामागे खडूने ओढावी तशी पांढरी रेघ उमटत होती. मी कौतुकाने पाहत राहिलो. आत्याने मात्र भराभर चादरीची टोके गोळा केली आणि म्हणाली, "चल खाली. वरून काहीतरी सोडतायत मेले."

मला हसू आले, पण तिचा चेहरा पाहून आवरले. मार्च २०२० मध्ये, टाळेबंदीच्या त्या दिवसांत, रात्री हेलिकॉप्टरमधून औषध फवारणार आहेत, कोणी बाहेर पडू नये, असा निरोप देशभर मोबाईलवरून फिरत होता. सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने तो खोटा असल्याचे जाहीर केले. पण खुलासा अफवेइतका लांब पोहोचत नाही. विमानतळाच्या गावात तर असे काही चटकन पटते. तेव्हापासून आकाशात रेघ दिसली की आत्याचे वाळवण खाली येते आणि नातवाचा पतंगही.

"आत्या, ते औषध नव्हे, धूरही नव्हे. वाफ आहे," मी म्हणालो.

"वाफ?" ती म्हणाली. "चहाची वाफ दोन मिनिटांत उडते. ही घंटाभर कशी राहते मग?"

आता माझी पंचाईत झाली. प्रश्न अगदी बरोबर होता आणि माझे उत्तर अर्धवट. आम्ही स्वयंपाकघरात गेलो, ते बरेच झाले. तिथे किटली होती.

उकळत्या किटलीच्या तोटीकडे नीट पाहा. अगदी तोंडाशी काहीच दिसत नाही. बोटभर अंतर सोडून पांढरे लोट सुरू होतात. त्या मोकळ्या जागेत असते ती खरी वाफ, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. पांढरे दिसतात ते थंड हवेत तयार झालेले पाण्याचे बारीक थेंब. मराठीत बोलताना आपण दोन्हीला वाफच म्हणतो. कानडीत सोय आहे: इडलीच्या भांड्यातून निघते ती हबे, शाळेच्या पुस्तकात असते ती नीरावी. आत्याला हे लगेच कळले. "म्हणजे वर आधी नीरावी, मग हबे," ती म्हणाली.

जवळजवळ तसेच. विमानाचे इंधन म्हणजे एक प्रकारचे रॉकेलच. त्यातला हायड्रोजन जळताना हवेतला ऑक्सिजन घेतो आणि पाणी तयार होते. एक किलो इंधनामागे सुमारे सव्वा किलो पाणी! मध्यम आकाराचे प्रवासी विमान तासाला दोन-अडीच टन इंधन जाळते, म्हणजे तीन हजार लिटरच्या आसपास पाणी आकाशात सोडत जाते. आणि वरची थंडी? साधारण दर किलोमीटरला साडेसहा अंश या हिशेबाने तापमान उतरते. गच्चीवर २० अंश असतील, तर ११ किलोमीटरवर उणे ५० च्या आसपास. तिथे वाफ काजळीच्या कणांभोवती गोळा होऊन क्षणात गोठते. म्हणजे ती रेघ बर्फाच्या स्फटिकांची, माणसाने केलेला एक लांबट ढगच. विमान आणि रेघेची सुरुवात यांच्यामध्येही किटलीच्या तोटीसारखीच रिकामी जागा दिसते.

पण रेघ टिकते का? आत्याच्या प्रश्नाचे उत्तर विमानात नाही, आजूबाजूच्या हवेत आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये दोरीवरचा कपडा अर्ध्या तासात वाळतो, जुलैमध्ये दोन दिवस ओलाच राहतो. कपडा तोच, हवा वेगळी. वरची हवा कोरडी असली की बर्फाचे कण उडून जातात आणि विमानामागे आखूड शेपटी तेवढी दिसते. हवेत आधीच भरपूर बाष्प असले, तर कण उडत तर नाहीतच, उलट हवेतले बाष्प ओढून घेऊन वाढतात. मग रेघ तासन् तास राहते, रुंद होते, पिंजलेल्या कापसासारखी पसरते. तेव्हा तिच्यातला बहुतेक बर्फ विमानाचा नसतो, त्या हवेचाच असतो. रेघ केव्हा उमटेल याचे गणित जर्मनीत एर्न्स्ट श्मिट यांनी १९४१ साली मांडले, कारण युद्धात उंचावरच्या विमानांचा पत्ता या रेघा शत्रूला देत. बेळगाववर ग्वाल्हेरइतक्या रेघा दिसत नाहीत, त्याचे एक कारण हेच. आपल्याकडची वरची हवा तिथल्या हिवाळ्याइतकी गार नसते, विमान आणखी उंच असावे लागते.

एवढ्यात खिडक्या थरथरल्या. महाराजपूरच्या हवाई दलाच्या तळावरून लढाऊ विमान उडाले होते. मिराज विमाने तिथे १९८५ पासून आहेत. नातू धावत गच्चीवर गेला आणि तक्रार घेऊन परत आला. "एवढा आवाज केला, पण रेघ नाही!" खाली कुठली उणे चाळीस अंशांची थंडी? आवाजाचा आणि रेघेचा काही संबंध नाही, हे त्याला पटायला थोडा वेळ लागला.

आत्याची भीती अगदीच निराधार मात्र म्हणवत नाही. रेघेतून विष पडत नाही, पण पसरलेल्या रेघा पृथ्वीची उष्णता अडवतात. दिवसा त्या थोडे ऊन परतवतात तरी, रात्री नुसते पांघरूण घालतात. एकूण हिशेबात त्या पृथ्वी तापवतात. दमट हवेचे थर बहुधा पातळ असतात. विमान थोडे खाली-वर नेले तर ते टाळता येतात. २०२३ साली अमेरिकन एअरलाइन्स आणि गूगल यांनी ७० उड्डाणांवर तसा प्रयोग जाहीर केला, तेव्हा रेघा ५४ टक्क्यांनी घटल्या. इंधन मात्र थोडे जास्त लागले.

हे सारे आत्याने शांतपणे ऐकून घेतले. दुपारी गच्चीवर पुन्हा चादर पसरलेली दिसली, पण फोडींवर जुनी मलमलची साडी झाकलेली. मी तिच्याकडे पाहिले.

"माकडांसाठी रे," ती म्हणाली.