रक्तातला आकडा आणि गाठीची कड

‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये हल्ली थायरॉइड आणि ड जीवनसत्त्वाच्या पंगतीत ‘कॅन्सर मार्कर’ही येऊन बसले आहेत. त्यांतला सीईए मोठ्या आतड्याच्या कॅन्सरशी जोडलेला. आकडा पाचच्या आत आला की माणूस निर्धास्त होतो. सात आला की घरादाराची झोप उडते. दोन्ही अस्थानी आहे, आणि त्याचा दोष घाबरणाऱ्यापेक्षा पॅकेज विकणाऱ्याकडे अधिक जातो.

कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९६५ मध्ये सीईए या प्रथिनाची ओळख करून दिली. गर्भाच्या आतड्यात आणि आतड्याच्या कॅन्सरमध्ये ते सापडत होते, म्हणून रक्ताच्या थेंबावरून हा रोग ओळखता येईल, अशी आशा निर्माण झाली. ती टिकली नाही. निरोगी माणसाच्या रक्तातही ते थोडे असतेच. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत ते जास्त भरते. यकृताचे विकार, स्वादुपिंडाचा दाह, आतड्याची जुनाट सूज यांतही चढते. उलट सुरुवातीच्या टप्प्यातल्या बहुतेक रुग्णांत ते वाढलेलेच नसते. म्हणजे रोग जिथे पकडायचा, नेमकी तिथेच ही चाचणी गप्प. शौचातून रक्त जात असताना मूळव्याध समजून मलम लावत बसलेल्या माणसाला सीईएचा ‘नॉर्मल’ आकडा दिलासा देत असेल, तर तो दिलासा घातक आहे. त्याला कोलोनोस्कोपी हवी.

निदान झाल्यावर मात्र याच चाचणीची किंमत वाढते. शस्त्रक्रियेआधी ती करून ठेवली, तर पुढच्या आकड्यांना आधार मिळतो. गाठ पूर्ण निघाली असेल, तर चढलेला आकडा साधारण चार ते सहा आठवड्यांत उतरायला हवा. नंतर पाच वर्षे, दर तीन ते सहा महिन्यांनी, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत. एखादी नोंद वर गेली म्हणून लगेच हाय खाऊ नये. ओळीने चढत जाणारे आकडे मात्र स्कॅन मागतात. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अशा पाठपुराव्यामुळे पुन्हा शस्त्रक्रिया करता येण्याजोगे रुग्ण अधिक सापडले, पण मृत्यूंच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. ही मर्यादाही रुग्णाला सांगायला हवी.

आकड्यावर एवढी चर्चा होते, पण फाइलमधला पॅथॉलॉजीचा अहवाल फारसा कोणी वाचत नाही. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातले कथबर्ट ड्यूक्स यांनी १९३२ मध्ये गाठ किती खोल गेली आणि लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचली का, यावरून गुदाशयाच्या कॅन्सरचे टप्पे पाडले. आजच्या स्टेजिंगचा पाया तोच. मात्र सारख्याच खोलीच्या दोन गाठी सारख्या वागत नाहीत. काहींची कड गुळगुळीत असते; त्या शेजारच्या पेशीजालाला ढकलत वाढतात. काही हरळीच्या मुळ्यांसारख्या आत घुसतात. अशा गाठीच्या पुढच्या कडेवर एकेकट्या किंवा फार तर चार पेशींच्या पुंजक्या सुट्या पडलेल्या दिसतात. याला ‘बडिंग’ म्हणतात. २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी ते मोजायची रीत ठरवली: सर्वाधिक पुंजक्या असलेली जागा शोधायची आणि ०.७८५ चौरस मिलिमीटरमध्ये त्या मोजायच्या. चारपर्यंत कमी, पाच ते नऊ मध्यम, दहा किंवा अधिक म्हणजे जास्त.

हा हिशेब केवळ अभ्यासकांपुरता नाही. दुर्बिणीतून काढलेल्या पॉलिपमध्ये सुरुवातीचा कॅन्सर निघाला, तर आतड्याचा तुकडा काढायची शस्त्रक्रिया करायची का, हे ठरवताना बडिंग जास्त आहे का, हे पाहिले जाते. कारण ते जास्त असेल तर ग्रंथींत रोग असण्याची शक्यता वाढते. दुसऱ्या टप्प्यात केमोथेरपीचा विचार करतानाही ते उपयोगी पडते. अहवालात ही नोंद नसेल, तर सर्जनने ती मागवावी. जपून ठेवलेल्या मेणाच्या ब्लॉकवरून नंतरही मोजता येते.

त्याच ब्लॉकवर डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या ‘एमएमआर’ प्रथिनांची तपासणी होते. ढकलत वाढणाऱ्या, लिंफोसाइट पेशींनी वेढलेल्या गाठींत, विशेषतः उजव्या बाजूच्या, ही प्रथिने हरवलेली आढळण्याची शक्यता अधिक. रोग पसरलेला असला, तरी अशा रुग्णांत इम्युनोथेरपी चांगली लागू पडू शकते. काहींच्या मुळाशी लिंच सिंड्रोम हा आनुवंशिक दोष असतो. तो निघाला, तर भावंडांची आणि सज्ञान मुलांची जनुकीय चाचणी करावी लागते. ज्यांच्यात दोष सापडेल, त्यांची कोलोनोस्कोपी बहुधा पंचविशीच्या आसपासच सुरू होते.