बेरीज 180 अंश, पण कुठल्या पृष्ठभागावर?

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, नववीच्या भूमितीत आपण मुलांकडून घोटून घेतो: त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज 180 अंश. सिद्धता फळ्यावर येते, वहीत उतरते, मार्क मिळतात. माझं म्हणणं एवढंच, की या वाक्याला ‘सपाट पृष्ठभागावर’ हे शब्द जोडा आणि त्यासाठी एक अख्खा तास द्या. ते गाळले की आइन्स्टाइनकडे जाणारी वाट तिथेच बंद होते.

वर्गात एक मोठं संत्रं न्या. त्यावर पेनाने विषुववृत्त काढा, त्यावर पाव फेऱ्याच्या अंतराने दोन बिंदू घ्या, आणि दोन्हींतून सरळ रेषा देठापर्यंत न्या. झाला त्रिकोण. तिन्ही कोन काटकोन, बेरीज 270! आता तेवढं साल सोलून बाकावर सपाट दाबायला सांगा. ते फाटतं. मग वहीच्या कागदावर त्रिकोण काढून त्याची सुरळी करा. कागद गोल दिसतो, पण बेरीज 180च राहते. मुलं इथे अडतात, अडू द्या. वाकलेलं दिसणं वेगळं आणि भूमितीच बदलणं वेगळं, हा फरक रीमानच्या गणिताच्या मुळाशी आहे.

कुणीतरी विचारणारच, ‘मग पुस्तकातलं खोटं का?’ नाही. ठाणे, कल्याण, कर्जत असा पृथ्वीच्या गोलावर त्रिकोण घ्या. बेरीज 180 पेक्षा जास्त भरते, पण अंशाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. छोट्या जागेत सपाट भूमिती पुरते. सापेक्षतेतही तसंच आहे.

आता गुरुत्वाकर्षण. एक जण कल्याणहून निघाला, दुसरा नागपूरहून, दोघेही नाकासमोर उत्तरेला. कल्याणच्या अक्षांशावर त्यांच्या वाटांमध्ये सुमारे 625 किलोमीटर अंतर आहे, 60 अक्षांशावर ते 330च्या आसपास उरतं, आणि ध्रुवावर दोघे धडकतात. कुणी वळलं नाही, कुणी ओढलं नाही. पृथ्वी सपाट समजणारा मात्र म्हणेल, यांच्यात आकर्षण आहे! आइन्स्टाइनने 1915 मध्ये गुरुत्वाकर्षणाबद्दल हेच म्हटलं: वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ वक्र होतात, ग्रह त्यातली सरळात सरळ वाट धरतो. त्याला लागणारी भूमिती रीमानने 1854 सालीच मांडून ठेवली होती, आणि ती आइन्स्टाइनला दाखवली मार्सेल ग्रॉसमान या वर्गमित्राने.

यूट्यूबवरची ताणलेली चादर आणि त्यावरचा जड गोळा मला पटत नाही. गोळा चादरीत रुततो तो गुरुत्वाकर्षणामुळेच, म्हणजे जे समजावायचं तेच आधी गृहीत! शिवाय त्यात काळ कुठेच नाही, आणि हातातून सुटलेला खडू खाली येतो त्यात मुख्य वाटा काळाच्या वक्रतेचाच. मुलांना मोबाईलचं जीपीएस सांगा. त्या उपग्रहांवरची घड्याळं, उंची आणि वेग दोन्ही धरून, आपल्यापेक्षा रोज सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात. ते दुरुस्त केलं नाही तर नकाशावरची जागा चुकत जाते.

हा विषय परदेशातलाच आहे असंही नाही. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात सापेक्षता शिकवत. गणिताचे एक शिक्षक, प्रल्हाद चुनीलाल वैद्य, 1942 साली त्यांच्याकडे गेले, आणि 1943 मध्ये त्यांनी प्रकाश बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याभोवतीची भूमिती मांडली. जगभर ती आज वैद्य यांच्याच नावाने ओळखली जाते. गुरुत्वीय लहरी मोजणारी लायगो-इंडिया वेधशाळा तर आपल्या हिंगोली जिल्ह्यात होते आहे.

पालकहो, मूल घरी येऊन ‘आई, बेरीज 270 पण होते’ म्हणालं, तर ‘हे परीक्षेला आहे का?’ असं लगेच विचारू नका. संत्रं मागा आणि त्यालाच काढून दाखवायला सांगा. उत्तरपत्रिकेत ते 180च लिहील, काळजी नसावी.