बुलेटवरचे गाणे

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, केरी, साखळी, डिचोली आणि पुढे मये. आपल्या भागातल्या कितीतरी घरांची ही सुटीची वाट. कुणाचे कुलदैवत त्या बाजूला, कुणाचे आजोळ, तर कुणाला नुसते मयेच्या तळ्याकाठी बसून यायचे असते. आधीची पिढी एस.टी.ने किंवा कदंबने जाई. आताची मुले मोटारसायकल काढतात आणि तिच्यावर गाणीही लावतात. हँडलपाशी दोन स्पीकर, सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर. मग मला प्रश्न येतो, "किती वॅटचा बसवू?"

वॅटचे नंतर बघू, आधी वाऱ्याचे. होंडाने १९७५ मध्ये गोल्ड विंग ही प्रवासी मोटारसायकल आणली तेव्हा ती समोरून उघडीच होती. १९८० च्या इंटरस्टेट प्रकाराला कारखान्यातूनच वारा अडवणारा मोठा पुढा मिळाला आणि रेडिओही जोडून घेता येऊ लागला. म्हणजे तिथे आधी वारा अडला, मग गाणे आले. आपण बुलेट तशीच उघडी ठेवतो आणि गाणे वाऱ्याच्या वर चढवू बघतो. ताशी ८० च्या पुढे हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचाच आवाज ९० डेसिबलच्या घरात जातो. कानांना ८५ डेसिबल आठ तास चालतात असे मानतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९७ ला उरतो अर्धा तास. घाट चढायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. शिवाय वळणावर समोरून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू यायला हवा, ते वेगळेच.

मयेला माझा एक भाचा राहतो. त्याने आणलेल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावर ठळक अक्षरांत १००० वॅट छापले होते. "मामा, चारशे रुपये जास्त दिले, पण वस्तू दणकट आहे," तो म्हणाला. मी त्याला मागच्या बाजूचा फ्यूज काढून बघायला सांगितले. फ्यूज निघाला १५ अँपिअरचा. १५ गुणिले १२ व्होल्ट, झाले १८० वॅट. आतच एवढी वीज जाणार, तर बाहेर हजार कुठून पडणार? खोक्यावरचा आकडा वाचू नये, फ्यूज वाचावा. दुकानात उभ्या उभ्या करता येणारी ही परीक्षा आहे आणि दुकानदाराला ती फारशी आवडत नाही.

आता गाडीकडे वीज किती? अशा गाड्यांचा अल्टरनेटर साधारण दोनसव्वादोनशे वॅट देतो, तोही इंजिन बऱ्यापैकी फिरत असताना. त्यातून इग्निशन, पेट्रोलचा पंप, ब्रेकचा दिवा भागवायचा. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा तर बंदच होत नाही. उरते ते थोडे. त्यात गाडी तळ्याकाठी उभी करून, इंजिन बंद ठेवून तासभर गाणी वाजवली की बॅटरी बसते. जुन्या बुलेटला किक मारून भागायचे. २०२० नंतरच्या इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पार उतरली तर पंपच चालत नाही, ढकलूनही उपयोग होत नाही. चोर्ल्याच्या जंगलात संध्याकाळी बायको-मुलासह असे अडकून बघायची हौस कुणाला नसावी.

भाच्याला मी ५० वॅटचा, डी क्लासचा लहान अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला लावला. डी क्लास म्हणजे घेतलेल्या विजेतला मोठा भाग स्पीकरपर्यंत पोचवणारा, कमी तापणारा. वॅट दुप्पट केले तरी वाढतात ३ डेसिबल, कानाला जेमतेम कळतील एवढे. आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. त्यापेक्षा स्पीकर चालवणाऱ्याच्या जवळ आणा. अंतर निम्मे केले तर उघड्यावर ६ डेसिबल फुकट मिळतात.

वायरिंगला मात्र कंजूषपणा नको. अ‍ॅम्प्लिफायरची तार थेट बॅटरीवरून घ्यावी. दिव्याच्या किंवा ए.बी.एस.च्या तारेला सोलून जोड मारणारा मेकॅनिक असेल तर गाडी परत आणावी. फ्यूज बॅटरीपासून वीतभरातच हवा. हँडल वळते तिथे तार घासून उघडी पडते, सांगाड्याला टेकते, आणि वर पेट्रोलची टाकी असते. फ्यूज दूर असेल तर मधल्या तारेला वाली कोणी नाही. चावीबरोबर चालू-बंद होणारा रिले लावावा, नाहीतर रात्रभर थोडी थोडी वीज गळत राहते.

हे सगळे जमले तरी एक प्रश्न उरतो. गाणे नक्की ऐकते कोण? चालवणाऱ्याच्या कानात वारा. मागे बसलेली भाचेसून धारवाडची. पहिल्याच फेरीत तिने डिचोलीच्या बाजारात पाठीवर थाप मारून "साकु री!" म्हटले आणि आवाज उतरला. तिसरा श्रोता म्हणजे गाव. मयेचे तळे टेकड्यांच्या कुशीत आहे. संध्याकाळी पाण्यालगतची हवा थंड होते आणि आवाज वर न जाता पाण्यावरून दूरपर्यंत सरकतो. अलीकडच्या काठावरचे गाणे पलीकडच्या पडवीत स्पष्ट ऐकू येते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धकाला बंदी आहे. बाहेरून येणारी पोरे हे मनावर घेत नाहीत आणि बोलणी मात्र गावातल्या पोरांनाही बसतात. भाच्याने तळ्याच्या वळणावर गाणे बंद करायचे ठरवले आहे. त्यासाठी अंगठ्याजवळ वेगळे बटण बसवले, ते मला सगळ्या कामात जास्त आवडले.

गोव्याचा पाऊस राहिला. जून ते सप्टेंबर अ‍ॅम्प्लिफायर काढून घरात ठेवणेच बरे. म्हणून पहिल्यापासूनच फ्यूजच्या पुढे सुटा होणारा, झाकणाचा सॉकेट लावून घ्यावा. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे पावसात गाडी उभी असली तर त्याच सॉकेटवर बॅटरीचा चार्जर लागतो.