मोठ्या संगणकाचे अंतरंग

गोंदिया जंक्शनवर नागपूर, दुर्ग, बालाघाट आणि बल्लारशाह अशा चार दिशांनी गाड्या येतात. यांतील एकाही गाडीच्या ड्रायव्हरला रुळांचे सांधे स्वतः बदलता येत नाहीत. ऑपरेटिंग सिस्टीम ही संगणकातील स्टेशनमास्तर, असे आम्ही वर्गात सांगतो आणि मुले तिची व्याख्या व प्रकार पाठ करतात. पण एखाद्या प्रोग्रॅमने तिचे ऐकलेच नाही तर? हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

आय.बी.एम.ने १९६४ साली जाहीर केलेल्या सिस्टीम/३६० या मोठ्या संगणकांत याचे उत्तर स्वच्छ दिसते. त्यांच्या प्रोसेसरमध्ये ६४ बिटांचा एक ‘स्थितिशब्द’ असतो. त्यातील क्रमांक १५ चा बिट १ असेल तर चालू प्रोग्रॅम सामान्य. ० असेल तर सर्वाधिकारी. सामान्य प्रोग्रॅमला छपाईयंत्र थेट चालवता येत नाही. त्याने एस.व्ही.सी. ही आज्ञा द्यायची, सोबत ० ते २५५ पैकी एक क्रमांक. मग प्रोसेसर जुना स्थितिशब्द स्मृतीतील ३२ या पत्त्यावर ठेवतो, ९६ या पत्त्यावरचा नवा उचलतो आणि सूत्रे ऑपरेटिंग सिस्टीमकडे जातात. म्हणजे नियम तिचे असले तरी त्यांना बळ येते ते इलेक्ट्रॉनिक मंडलांतून! भौतिकीच्या मास्तराला हीच जागा सर्वांत सुंदर वाटणार, हे उघड आहे.

१९७८ साली आय.बी.एम.ने भारतातील आपला कारभार बंद केला. मागे राहिलेल्या तिच्या यंत्रांची देखभाल सी.एम.सी. या सरकारी कंपनीतील भारतीय अभियंत्यांनी केली. नुसती बटणे दाबता येणाऱ्यांना ते जमले नसते.

आता माझे मत. अंतरंग शिकायचे तर ते जुन्या यंत्रावर शिकावे. हे अभ्यासक्रमात नाही, यावर नोकरी मिळत नाही, असे काही शिक्षक म्हणतील. परंतु मोबाइलमधील प्रोसेसरही सामान्य आणि सर्वाधिकारी असा भेद पाळतो. फक्त तो इतक्या थरांखाली दडलेला आहे की शाळकरी मुलाने तेथवर पोहोचणे कठीण. जुनी प्रणाली त्या मानाने लहान आहे, आणि तिची मूळ आज्ञावली वाचता येते. आय.बी.एम.ने १९८३ साली, यापुढे मूळ आज्ञावली देणार नाही, असे जाहीर केले, त्याआधीची एम.व्ही.एस. ३.८ मात्र आजही विनामूल्य मिळते. ‘हर्क्युलिस’ हा मोफत प्रोग्रॅम घरच्या साध्या संगणकाला त्या यंत्राचे सोंग घ्यायला लावतो. शाळेतील जुना संगणकही त्यास पुरे.

त्यावर एक छोटा प्रोग्रॅम लिहा. स्थितिशब्द बदलण्याची आज्ञा वापरून त्याला स्वतःच सर्वाधिकारी व्हायला सांगा. ड्रायव्हरने खाली उतरून सांधा ओढावा, तसेच हे. प्रोग्रॅम तिथल्या तिथे बंद पडेल आणि ‘०सी२’ हा संकेत छापून येईल. मग स्मृतीच्या छापील उताऱ्यात ती आज्ञा नेमकी कोणत्या पत्त्यावर होती ते शोधा. पहिल्या वेळी यात अख्खी दुपार जाते. जाऊ द्यावी.