खुर्च्यांचा हिशेब द्या

१९५५ साली पालघर जिल्ह्यातल्या आमच्या चिंचणीत ताम्रपट सापडले. त्यातला एक शके ८४८चा, म्हणजे इ. स. ९२६चा. संजाण मंडलाचा अधिपती म्हणून त्यात नाव आहे मधुमतीचं. हा ताजिक, म्हणजे अरब मुसलमान. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने अख्खं मंडल त्याच्या हाती सोपवलं. त्याने बंदरांवर आपले अधिकारी नेमले, फुकट होडी सुरू केली, अन्नछत्र चालवलं आणि देवीच्या मठाला गाव दान दिलं. अकराशे वर्षांपूर्वी परधर्माचा, परमुलखातला माणूस इथे कर्तबगारीवर सर्वोच्च पदाला पोचला. आज इथल्याच वारली पदवीधराला शेजारच्या कारखान्यात शिफ्ट इनचार्ज होता येत नाही, ही आपल्या उद्योगांची लायकी आहे.

माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे. पाड्यावरचा पहिला पदवीधर, विषय रसायनशास्त्र. बोईसरच्या एका कंपनीत तो ठेकेदाराच्या हजेरीवर लागला. रिअ‍ॅक्टरमध्ये माल तोच टाकतो, तापमानाच्या नोंदी तोच ठेवतो, नव्या केमिस्टला प्लांट तोच समजावून सांगतो. तो केमिस्ट कायम होतो, साहेब होतो. हा हेल्परचा हेल्परच. विचारायला गेला तर एचआरने सांगितलं, ‘इंग्रजी सुधार.’ रिअ‍ॅक्टरला इंग्रजी लागत नाही. साहेबांच्या पंगतीत बसायला लागतं.

गुणवत्तेचं तुणतुणं आता बंद करा. २०१२ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त देशातल्या हजार बड्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास छापून आला. सुमारे ९३ टक्के संचालक उच्चवर्णीय निघाले. लोकसंख्येत चौथा हिस्सा असलेल्या दलित-आदिवासींच्या वाट्याला खुर्च्या आल्या ३.५ टक्के. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी तोलामोलाचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवून पाहिले. दलित आणि मुसलमान नावांना बोलावणी कमी आली. शिक्षण तेच, फरक फक्त नावाचा. याला गुणवत्ता म्हणणारा सरळ खोटं बोलतो.

२००६ साली खासगी नोकऱ्यांत आरक्षणाची चर्चा निघताच उद्योगपतींच्या संघटनांनी कायदा नको, आम्ही स्वखुशीने करू, असा शब्द दिला. त्या स्वखुशीचं फळ वरच्या आकड्यांत दिसतं. उद्योगांनी ‘स्थानिकां’ना नोकऱ्या द्याव्यात, हे सरकारचं धोरणही पाड्यापर्यंत पोचत नाही. पंधरा वर्षं महाराष्ट्रात राहिलेला कुणीही त्यात स्थानिक ठरतो. म्हणजे पाड्याच्या तोंडाला पानं पुसली की नियम पाळला गेला.

कायदा केला की बदल होतो. २०१३च्या कंपनी कायद्याने महिला संचालक सक्तीची केली आणि कालपर्यंत लायक बाई मिळत नाही म्हणणाऱ्यांना बायका सापडल्या. दक्षिण आफ्रिकेत १९९८च्या कायद्यापासून मोठ्या कंपन्यांना प्रत्येक श्रेणीत कोणत्या वंशाची किती माणसं आहेत, हे सरकारला कळवावं लागतं. आपल्याकडे तेवढंही विचारायची कुणाची छाती नाही.

म्हणून तारापूर एमआयडीसीतल्या प्रत्येक कंपनीकडे माझी मागणी आहे. हेल्परपासून संचालकापर्यंत कोणत्या श्रेणीत किती आदिवासी, दलित, मुसलमान आहेत, ते दरवर्षी जाहीर करा. ठेकेदाराकडे काढलेली वर्षं बढतीत अनुभव म्हणून मोजा. पालघर जिल्ह्यात दर तिघांत एकाहून जास्त माणूस आदिवासी आहे. आकडे दाखवायची लाज वाटत असेल, तर आधी ते आकडे बदला.