तिजोरी शाबूत, पत्ता मात्र उघडा

क्रिप्टोचलन बाळगणाऱ्यांपुढील मोठा धोका आज संकेतशब्द फुटण्याचा नाही. ई-मेल, नाव आणि घरचा पत्ता एकत्र फुटण्याचा आहे

‘कॉइनबेस’ ही अमेरिकेतील सर्वांत मोठी क्रिप्टोचलन विनिमय कंपनी. १५ मे २०२५ रोजी तिने आपल्या ग्राहकांच्या माहितीची गळती झाल्याचे जाहीर केले. या प्रकरणात कोणी संगणकप्रणाली भेदली नव्हती की गुप्त किल्ल्या पळवल्या नव्हत्या. परदेशांतील ग्राहकसेवा केंद्रांत काम करणाऱ्या काही कर्मचाऱ्यांना लाच देऊन त्यांच्याकडून ग्राहकांची नावे, घरचे पत्ते, दूरध्वनी क्रमांक, ई-मेल, ओळखपत्रांच्या प्रतिमा आणि खात्यांतील शिलकीचा तपशील काढून घेण्यात आला होता. मेन राज्याच्या महाधिवक्ता कार्यालयाला दिलेल्या माहितीनुसार बाधित ग्राहकांची संख्या ६९,४६१ होती. गुन्हेगारांनी दोन कोटी डॉलरची खंडणी मागितली. कंपनीने ती नाकारली, तेवढ्याच रकमेचे बक्षीस गुन्हेगारांची माहिती देणाऱ्यास जाहीर केले, आणि या प्रकरणाचा भार १८ ते ४० कोटी डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज वर्तवला. ‘रॉयटर्स’च्या वृत्तानुसार या गळतीचा एक धागा इंदूरमधील ग्राहकसेवा केंद्रापर्यंत पोहोचत होता. संगणकाच्या पडद्याची छायाचित्रे मोबाइलवर टिपण्याइतके ते तंत्र साधे होते. कुंपणानेच शेत खाल्ल्याचा हा प्रकार.

या घटनेतील महत्त्वाची बाब अशी की, संकेतशब्द आणि खासगी किल्ल्या सुरक्षितच राहिल्या. तरीही ग्राहकांचे पैसे गेले. कारण चोरांना तिजोरी फोडायचीच नव्हती, ती मालकाकडून उघडून घ्यायची होती. ज्याला आपले नाव, ई-मेल, ओळखपत्र आणि खात्यातील नेमकी शिल्लक ठाऊक आहे, तो ‘कंपनीतून बोलतो आहे’ असे म्हणाला तर सावध मनुष्यही क्षणभर विश्वास ठेवतो. ‘आपले खाते धोक्यात आहे, रक्कम तातडीने या सुरक्षित वॉलेटमध्ये हलवा,’ एवढे एक वाक्य त्यापुढे पुरेसे ठरते.

ई-मेल हा दुवा का?

बँकेतील गळती आणि क्रिप्टोचलनातील गळती यांत मूलभूत फरक आहे. बँकेच्या नोंदवह्या बंद असतात. एखाद्या खातेदाराची माहिती फुटली तरी फुटते ती त्या दिवसापुरती. बिटकॉइनची नोंदवही मात्र जानेवारी २००९ पासून सर्वांसाठी खुली आहे. त्यात नावे नसतात, अक्षरे-अंकांचे पत्ते असतात, आणि ‘क्रिप्टो निनावी असते’ हा समज त्यावरच पोसला गेला आहे. वास्तविक ही व्यवस्था निनावी नसून टोपणनावाची आहे. एकदा एखादा पत्ता कोणाचा हे कळले, की त्या पत्त्याचे मागचे सर्व व्यवहार उघडे होतात आणि पुढचेही दिसत राहतात. टोपणनाव आणि खरे नाव यांना जोडणारा सर्वांत स्वस्त दुवा म्हणजे ई-मेल. विनिमय कंपनी, हार्डवेअर वॉलेटचा विक्रेता, कर-हिशेबाचे सॉफ्टवेअर, बातमीपत्र या सर्व ठिकाणी तोच पत्ता दिलेला असतो.

दुसरा फरक अधिक कठोर आहे. बँकेतून झालेला चुकीचा व्यवहार काही वेळा थांबवता येतो, तक्रारीनंतर रक्कम परत मिळण्याची शक्यता असते. ब्लॉकचेनवर नोंदला गेलेला व्यवहार मागे घेणारा अधिकारीच नाही. त्यामुळे फसवणूक करणाऱ्यास केवळ एकदा यशस्वी व्हावे लागते.

गळती तिजोरीतून नव्हे, परिघातून

गेल्या काही वर्षांतील घटना एकापुढे एक ठेवल्या तर त्यांतील साम्य लपत नाही. २०२० मध्ये ‘लेजर’ या फ्रेंच हार्डवेअर वॉलेट कंपनीची विक्री आणि विपणनाची माहिती चोरीस गेली. त्यात सुमारे १० लाख ई-मेल पत्ते होते. त्यांपैकी सुमारे दोन लाख ७२ हजार ग्राहकांची नावे, घरचे पत्ते व दूरध्वनी क्रमांकही त्या डिसेंबरमध्ये इंटरनेटवर खुले झाले. उपकरण अभेद्य होते, पण ते कोणी विकत घेतले याची यादी अभेद्य नव्हती. पुढे या ग्राहकांना बनावट ई-मेल आले, धमक्या आल्या. काहींच्या घरी तर टपालाने बनावट वॉलेट पोहोचले.

मार्च २०२२ मध्ये ई-मेल पाठवण्याची सेवा देणाऱ्या ‘मेलचिंप’च्या अंतर्गत साधनांवर हल्लेखोरांनी ताबा मिळवला आणि १०२ ग्राहक-खात्यांतील याद्या उतरवून घेतल्या. लक्ष्य मुख्यतः क्रिप्टो आणि वित्तक्षेत्रातील कंपन्या होत्या. त्यानंतर ‘ट्रेझर’ वॉलेटच्या वापरकर्त्यांना ‘तुमची माहिती फुटली आहे, नवे सॉफ्टवेअर घ्या’ असा ई-मेल आला. तो ई-मेल आणि ते सॉफ्टवेअर दोन्ही बनावट होते. त्याच वर्षी जूनमध्ये ‘ओपनसी’ या बाजारपेठेच्या ग्राहकांचे ई-मेल पत्ते तिच्या ई-मेल पुरवठादाराच्या कर्मचाऱ्यानेच बाहेर दिले.

दिवाळखोरीच्या खटल्यांतून तर हा प्रश्न न्यायालयाच्या दारात पोहोचला. ‘सेल्सियस’ कंपनीच्या खटल्यात ऑक्टोबर २०२२ मध्ये १४ हजारांहून अधिक पानांचे एक कागदपत्र सार्वजनिक झाले. त्यात ग्राहकांची नावे आणि त्यांचे व्यवहार तारखांसह होते. न्यायाधीशांनी ग्राहकांचे ई-मेल आणि घरचे पत्ते झाकू दिले होते. नावे झाकण्यास मात्र नकार दिला होता. नाव टाकताच नुकसानीचा आकडा दाखवणारे संकेतस्थळ लगोलग उभे राहिले. रक्कम आणि तारीख हाती असेल तर खुल्या नोंदवहीत तो व्यवहार शोधणे जाणकाराला कठीण नसते. म्हणजे ई-मेल झाकूनही दुवा जुळतोच.

‘एफटीएक्स’च्या खटल्यात डेलावेअरच्या न्यायालयाने जून २०२३ मध्ये वेगळा निर्णय दिला आणि वैयक्तिक ग्राहकांची नावे गुप्त ठेवण्यास परवानगी दिली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, दाव्यांचे काम पाहणाऱ्या ‘क्रोल’ या संस्थेच्या एका कर्मचाऱ्याचा मोबाइल क्रमांक हल्लेखोरांनी स्वतःच्या सिमवर वळवून घेतला आणि त्या मार्गाने एफटीएक्स, ब्लॉकफाय व जेनेसिस या तीन खटल्यांतील दावेदारांची माहिती मिळवली. न्यायालयाने दिलेले संरक्षण एका सिमकार्डाने पोकळ ठरवले.

या सर्व घटनांत क्रिप्टोचलनाचे गणिती कवच भेदले गेलेले नाही. माहिती फुटली ती विपणन, ग्राहकसेवा आणि दाव्यांचे कारकुनी काम करणाऱ्यांकडून. ग्राहकाने यांतील बहुतेकांची नावेही कधी ऐकलेली नसतात.

कायदा माहिती मागतो, राखतो किती?

येथे राज्यसंस्थेची बाजूही समजून घ्यावी लागेल. काळा पैसा, करचुकवेगिरी आणि खंडणी यांसाठी क्रिप्टोचलनाचा वापर होतो, हे वास्तव आहे. म्हणून ओळख पटवण्याची सक्ती जगभर आली. भारतात ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ मधील निर्देशांनी क्रिप्टो कंपन्यांना ग्राहकांची ओळख आणि व्यवहारांच्या नोंदी पाच वर्षे ठेवण्यास सांगितले, मार्च २०२३ मध्ये या कंपन्या आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या. युरोपीय संघात ३० डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक हस्तांतरणासोबत पाठवणाऱ्याची आणि घेणाऱ्याची माहिती जाणे बंधनकारक झाले. ब्रिटन व युरोपीय संघातील कंपन्या जानेवारी २०२६ पासून ‘ओईसीडी’च्या आराखड्यानुसार करविषयक तपशील गोळा करत आहेत, आणि २०२७ पासून देशादेशांत त्याची देवाणघेवाण व्हायची आहे. परदेशस्थ व्यावसायिकाची क्रिप्टो गुंतवणूक करखात्यापासून दडून राहील असा काळ संपत आला आहे, आणि त्यात गैर काही नाही.

गैर आहे ते असंतुलन. माहिती गोळा करण्याची सक्ती वेगाने वाढली. ती राखण्याची, कमी करण्याची आणि नष्ट करण्याची जबाबदारी त्या वेगाने वाढली नाही. युरोपच्या २०१८ पासून लागू झालेल्या ‘जीडीपीआर’मध्ये गरजेपुरतीच माहिती घेण्याचे तत्त्व आहे आणि गळतीची सूचना नियामकाला ७२ तासांत देण्याचे बंधन आहे. अमेरिकेत असा सर्वसमावेशक संघीय कायदा नाही. ग्राहकाला आपापल्या राज्याच्या कायद्यावर विसंबावे लागते. भारताचा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरील मुख्य बंधनांसाठी आणखी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. तोवर साठे वाढतच राहणार. ज्या पारपत्राची प्रतिमा कायद्याने मागितली, ती कंत्राटदाराच्या पडद्यावर किती जणांना दिसते, हा प्रश्न नियामकांनी कंपन्यांना विचारायला हवा.

परदेशस्थ मराठी कुटुंबाचे विशेष

परदेशात स्थिरावलेल्या मराठी व्यावसायिकाच्या बाबतीत ही जोखीम थोडी वेगळी आहे. अनेकांचा ई-मेल पत्ता महाविद्यालयीन दिवसांतला आहे. नाव आणि जन्मसाल त्यातच लिहिलेले. एनआरई खाते, व्हिसाचे अर्ज, भविष्य निर्वाह निधी, मुलांची शाळा आणि क्रिप्टो खाते हे सारे त्याच एका पत्त्यावर. पुण्यातील किंवा ठाण्यातील सनदी लेखापालास पाठवलेल्या पॅन व पारपत्राच्या प्रती ‘पाठवलेले’ या कप्प्यात वर्षानुवर्षे पडून असतात. हा टपालकप्पा हाती लागला तर चोराला दुसरे काही शोधावेच लागत नाही.

दुसरी बाब भारतातील जुन्या मोबाइल क्रमांकाची. देश सोडताना तो चालू ठेवला जातो, मग रिचार्ज राहून जाते. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, असे ‘ट्राय’ने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते. याचा दुसरा अर्थ असा की, त्यानंतर तो दिला जाऊ शकतो. ई-मेल किंवा क्रिप्टो खात्याच्या पुनर्प्राप्तीसाठी तोच क्रमांक नोंदलेला असेल, तर ओटीपी एका अनोळखी माणसाच्या हाती जातो.

यावरचे उपाय अवघड नाहीत, मात्र ते गळतीआधी करावे लागतात. आर्थिक व्यवहारांसाठी स्वतंत्र ई-मेल पत्ता असावा. त्यात नाव वा जन्मसाल नसावे आणि तो अन्यत्र कोठेही देऊ नये. ॲपलची ‘हाइड माय ईमेल’, ‘फायरफॉक्स रिले’ किंवा ‘सिंपललॉगिन’ यांसारख्या सेवा प्रत्येक कंपनीसाठी वेगळा उपपत्ता देतात. एखाद्या उपपत्त्यावर भलत्याच कोणाचा संदेश आला, तर माहिती कोणाकडून फुटली हेही कळते. अर्थात हा उपपत्ता विनिमय कंपनीपासून वा करखात्यापासून ओळख लपवत नाही. त्याचा उपयोग चोराच्या हाती पूर्ण साखळी लागू न देण्यापुरता आहे. संकेतशब्द बदलण्याचे दुवे ई-मेलवरच येत असल्याने आधी त्या खात्याला पासकी किंवा सुरक्षा-किल्लीचे संरक्षण द्यावे. एसएमएसवरील ओटीपी हा शेवटचा पर्याय असावा. वापरात नसलेली क्रिप्टो खाती बंद करावीत आणि माहिती खोडण्याची लेखी मागणी करावी. कायद्याने ठरलेल्या मुदतीपर्यंत कंपनी काही नोंदी ठेवेल, पण विपणनाच्या यादीतून तरी नाव निघेल. हार्डवेअर वॉलेट मागवताना शक्यतो घरचा पत्ता देऊ नये. आणि कंपनीच्या नावाने दूरध्वनी आला, तर तो ठेवून द्यावा आणि स्वतः ॲप उघडून खात्री करावी. रक्कम हलवायला सांगणारी किंवा सीड फ्रेज विचारणारी व्यक्ती कंपनीची नसतेच. हा नियम घरातील जोडीदाराला आणि गावाकडील आई-वडिलांनाही सांगून ठेवावा, कारण दूरध्वनी त्यांच्याकडेही जाऊ शकतो.

जानेवारी २०२५ मध्ये ‘लेजर’च्या एका सहसंस्थापकाचे फ्रान्समधील घरातून अपहरण झाले, खंडणीसाठी त्यांचे बोट तोडण्यात आले आणि नंतर पोलिसांनी त्यांची सुटका केली. ते प्रसिद्ध होते. त्यांच्या संपत्तीची माहिती काढायला कोणती फुटलेली यादी लागत नव्हती. सामान्य ग्राहकाला आजवर अप्रसिद्धीचे कवच होते. कोणाकडे किती आहे आणि तो कोठे राहतो, हे एकाच ओळीत सांगणाऱ्या याद्या ते कवच काढून घेतात. संकेतशब्द घडीभरात बदलता येतो, ई-मेलही बदलता येतो. पण नाव, जन्मतारीख आणि घर बदलता येत नाही. जे बदलता येते तेवढेच परक्या हाती द्यावे, ही खबरदारी ग्राहकाने घ्यायची आहे. जे बदलता येत नाही ते मागणाऱ्याने ते जपलेही पाहिजे, हे मात्र कायद्यालाच सांगावे लागेल.