रक्त न सांडलेल्या सीमेचाही अभ्यास व्हावा

संघर्ष, हिंसा आणि शांतता हा विद्यापीठात शिकण्याचा विषय आहे असे सांगितले, की आपल्याकडचे पालक हसतात. बी.एड. करावे, संगणक शिकावा, फार तर पोलीस भरतीला उभे राहावे. शांतता शिकून पोराला नोकरी कोण देणार? प्रश्न रास्त आहे. पण विषय हवेतला नाही. नॉर्वेतील ओस्लो येथे योहान गाल्टुंग यांनी १९५९ मध्ये शांतता संशोधनाची संस्था उभी केली. इंग्लंडातील ब्रॅडफर्ड विद्यापीठात १९७३ मध्ये त्याचा विभाग निघाला, दिल्लीच्या जामिया मिलियात २००४ मध्ये नेल्सन मंडेलांच्या नावाचे केंद्र. आपल्याला जवळचे म्हणजे वर्धा. तेथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठात अहिंसा व शांतता हा अध्ययनाचा विषय आहे.

गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये मांडलेला एक मुद्दा सीमाभागातल्या माणसाला चटकन कळावा. हिंसा म्हणजे केवळ लाठी-गोळी नव्हे. व्यवस्थाच अशी रचली जाते की कोणी हात न उगारता एखाद्याचा वाटा कमी होतो, तीही हिंसाच.

आता बुऱ्हाणपूरकडे पाहा. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि १९५० च्या कायद्याने हिंदी व मराठी अशा दोन राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. बुऱ्हाणपूर तहसील नव्या मध्य प्रदेशात राहिली. तापीकाठच्या शेतकऱ्याने गाव सोडले नाही, बांध हलवला नाही. पण त्याची भाषा पाहता पाहता कचेरीतून उठून गेली.

बेळगावात जानेवारी १९५६ मध्ये गोळीबार झाला. १७ जानेवारीला तेथे आजही हुतात्म्यांना अभिवादन करतात. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातही माणसे गेली. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा तिकडे महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड आले, इकडे पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. आपल्या सीमेवर भाषेपायी असे घडले नाही. का घडले नाही, हाच खरा अभ्यासाचा प्रश्न आहे.

मला दिसणारी कारणे साधी आहेत. लिपी एकच. रावेर-मुक्ताईनगरशी सोयरीक. केळीच्या व्यापाऱ्याला राज्याची हद्द अडवत नाही. हिंदी आपल्याला जड गेली नाही. पण याच सोयीपायी मराठी बिनबोभाट मागे सरली. इच्छापूर-शहापूरकडचा मुलगा घरात मराठी बोलतो, मराठी मथळा वाचतो. चार ओळींचा अर्ज मराठीत लिहायला सांगा, पेन थांबते. घटनेचे कलम ३५०-अ १९५६ मध्येच आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या पुरेशा सोयी पुरवण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असे ते सांगते. ‘प्रयत्न’ या शब्दात किती पळवाटा आहेत, हे मराठी शाळेसाठी शिक्षक मागून दमलेल्यांना विचारा.

गाऱ्हाणे आपलेच आहे असे मात्र नाही. समितीतल्या काहींना हे रुचणार नाही, पण कोरकू आणि बारेला मुलांच्या भाषेला तर कचेरीत कधीच जागा नव्हती. नेपानगरच्या बाजूला सिवल येथे जुलै २०१९ मध्ये वनजमिनीच्या वादात छर्रे लागून आदिवासी जखमी झाले. एप्रिल २०२३ मध्ये नेपानगर ठाण्यावर हल्ला करून आरोपी सोडवून नेण्यात आले. जंगल, जमीन आणि न कळणाऱ्या भाषेतले कागद यांचा गुंता पोलीस कुमक पाठवून सुटत नाही. तो समजून घेणारी माणसे याच जिल्ह्यातून शिकून यायला हवीत.

वर्ध्याची गंमत अशी, की मराठी मुलखातल्या त्या विद्यापीठाचे माध्यम हिंदी. हिंदी राज्यातल्या आपल्या मराठी मुलांना दोन्ही भाषा येतात. तेथे त्यांची अडचण होऊ नये. पदवीधरांनी हा विषय घ्यावा आणि प्रबंधासाठी लांबचा प्रदेश न शोधता आपली तहसील घ्यावी. १९५६ नंतरची निवेदने, मराठी शाळांची हजेरीपत्रके, सभांची पत्रके कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या माळ्यावर वाळवी खात पडली आहेत. ती रद्दीत घालू नका. समितीकडे आणून द्या. नोंद करून पोच दिली जाईल.